‘पेशंटला काही सांगू नका’: ही विनंती आल्यावर डॉक्टरांनी काय करावं आणि कोणत्या क्रमाने

बायोप्सीचा रिपोर्ट येतो. पेशंट बाहेर बाकावर बसलेला असतो आणि मुलगा एकटाच आत येतो. डॉक्टर रिपोर्ट उघडून त्याला सगळं सांगून टाकतात. मुलगा सुन्न होतो, थोडा सावरतो आणि म्हणतो, ‘बाबांना यातलं काही कळू देऊ नका. ते खचून जातील.’ डॉक्टर मान डोलावतात. पाच मिनिटांत हे सगळं आटोपतं आणि पुढे कित्येक महिने ते निस्तरत बसावं लागतं. केमोथेरपीच्या संमतीपत्रावर सही हवी असते, पण ती कशासाठी हे सांगता येत नाही. राउंडला सगळे पेशंटच्या खाटेपासून चार पावलं लांब जाऊन बोलतात. पेशंट एकेकाच्या चेहऱ्याकडे बघत राहतो.

या विषयावरची चर्चा बहुतेक वेळा ‘सांगावं की सांगू नये’ इथेच अडकते. माझ्या मते चूक त्याच्या बरीच आधी झालेली असते. पेशंटला न विचारता त्याची माहिती दुसऱ्याच्या हाती दिली गेली, तीच ती चूक. आपल्या आजाराबद्दल किती ऐकायचं, कुणाच्या सोबतीनं ऐकायचं आणि कुणाला कळू द्यायचं, हे पेशंटनं ठरवायचं असतं. त्याला हे वेळेवर विचारलं तर पुढची बरीचशी गुंतागुंत उद्भवतच नाही. म्हणून खालचे टप्पे दिलेल्या क्रमानेच घ्या.

उदाहरणं कॅन्सरची घेतली आहेत, पण मूत्रपिंड निकामी होणं, स्मृतिभ्रंश, मज्जातंतूंचे असाध्य आजार यांनाही हेच लागू आहे. लेख सज्ञान पेशंटपुरता आहे. लहान मुलांच्या बाबतीत पालकांची भूमिका वेगळी असते. तुम्ही जिथे काम करता तिथला कायदा आणि रुग्णालयाचे नियम आधी वाचून ठेवा. विशेषतः पेशंट निर्णय घेऊ शकत नसेल तर त्याच्या वतीने कोण बोलू शकतं, हे ठिकाणानुसार बदलतं.

टप्पा १ : तपासणी लिहून देतानाच विचारून ठेवा

रिपोर्ट आल्यावर ‘तुम्हाला किती सांगू?’ असं विचारलं, की त्या प्रश्नातच पेशंटला उत्तर दिसतं. तपासणी लिहून देताना मात्र बातमी कुणाकडेच नसते. त्यामुळे प्रश्न साधा राहतो आणि उत्तरही मोकळेपणाने मिळतं.

विचारताना पेशंट एकटा असावा. शारीरिक तपासणीची वेळ त्यासाठी सोयीची असते. तेवढ्यापुरतं नातेवाईकांना बाहेर थांबायला सांगितलं तर कुणाला त्यात वावगं वाटत नाही. साधारण असं विचारा:

‘काका, या तपासणीत साधं काही निघू शकतं, तसं गंभीरही निघू शकतं. काही जणांना सगळं तपशिलात ऐकायचं असतं. काहींना मोजकं पुरतं. काही म्हणतात, माझ्या मुलीशी बोला, मला नको. तुम्हाला कसं हवं?’

तिन्ही पर्याय एकाच सुरात, एकालाही झुकतं माप न देता मांडायचे. ‘तुम्हाला सांगितलेलं चालेल ना?’ असं विचारलं तर समोरचा भिडेपोटी ‘हो’ म्हणतो आणि ते उत्तर कामाचं नसतं.

त्यापाठोपाठ आणखी दोन प्रश्न विचारा. ऐकताना सोबत कोण असावं? आणि कुणाला कळू नये असं कुणी आहे का? दुसरा प्रश्न जवळजवळ कुणीच विचारत नाही. घरात अबोला असतो, मालमत्तेचे वाद असतात, नवरा-बायको वेगळे राहत असतात. जो माणूस ओपीडीत सोबत आला, त्याच्यावरच पेशंटचा सगळ्यात जास्त विश्वास असेल असं धरून चालू नका.

पेशंटची भाषा तुम्हाला येत नसेल तर नातेवाईकाला दुभाषा करू नका. तो वाईट हेतूने नव्हे, मायेपोटी गाळतो. तुम्ही ‘कॅन्सर’ म्हणता, तो ‘थोडी सूज आहे’ असं पोचवतो. रुग्णालयाचा दुभाषा घ्या, नाहीतर ती भाषा येणारा सहकारी बोलवा.

पडताळा: केसपेपरवर चार गोष्टी आल्या का? किती ऐकायचं आहे, सोबत कोण हवं, कुणाला कळू नये, आणि हे कोणत्या तारखेला विचारलं. तारीख हवीच, कारण माणसं मत बदलतात.

टप्पा २ : रिपोर्ट कोणत्या वाटेने येतोय ते बघा

तुम्ही कितीही जपून वागलात तरी रिपोर्ट आधीच दुसरीकडून फुटू शकतो. लॅबच्या खिडकीवर जो कुणी पावती दाखवेल त्याला पाकीट मिळतं. मोबाइलवर जाणारा रिपोर्ट नोंदणीच्या वेळी दिलेल्या नंबरवर जातो आणि तो नंबर बऱ्याचदा मुलाचा असतो. विम्याच्या कागदांवर निदान लिहिलेलं असतं. पुढच्या डॉक्टरांना लिहिलेली चिठ्ठी उघड्या पाकिटात पेशंटच्याच हातात दिली जाते आणि तो ती वाटेत वाचतो. यातल्या ज्या वाटा तुमच्या हातात आहेत, त्या तपासणी पाठवतानाच बंद करा.

रिपोर्ट हातात आला की बोलण्याआधी तो नीट तपासा. नाव आणि नोंदणी क्रमांक जुळतात का? नमुना कुठून घेतला होता? रिपोर्ट अंतिम आहे की तात्पुरता? तात्पुरत्या रिपोर्टवर निदान सांगून नंतर ते मागे घेण्याइतका विश्वासाला तडा दुसऱ्या कशाने जात नाही. पुढची तपासणी कोणती आणि उपचार कोण करणार, एवढं तरी तुम्हाला माहीत असल्याशिवाय बोलायला बसू नका.

कुणी नातेवाईक व्हरांड्यात गाठून विचारेलच. तिथे थांबून उत्तर देऊ नका, टाळल्यासारखंही करू नका: ‘रिपोर्ट आलाय. त्याबद्दल मी आईंशी बोलणार आहे आणि तेव्हा तुम्ही सोबत असावं असं त्यांनी सांगितलंय. चला, एकत्रच बसू.’

टप्पा ३ : ‘सांगू नका’ ऐकल्यावरची पहिली दहा मिनिटं

सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो आणि तो दोन्ही बाजूंनी होतो. काही डॉक्टर लगेच मान्य करतात, कारण फी नातेवाईक भरतात, भांडणही नातेवाईकच करतात आणि पेशंट गप्प असतो. काही जण उलट टोकाला जाऊन कायदा ऐकवतात: ‘पेशंटला जाणून घेण्याचा हक्क आहे, मी सांगणारच.’ पहिल्या प्रकारात पेशंट एकटा पडतो. दुसऱ्यात नातेवाईक शत्रू होतात आणि पेशंटला दुसरीकडे हलवतात. तिथे हाच घोळ नव्याने सुरू होतो.

‘सांगू नका’ म्हणणारा माणूस बहुतेक वेळा घाबरलेला असतो. तेव्हा आधी त्याची भीती समजून घ्या.

१. दार लावा, बसा आणि त्यालाही बसवा. उभ्याउभ्या हा विषय काढू नका.

२. विचारा: ‘त्यांना कळलं तर काय होईल असं तुम्हाला वाटतं?’ मग थांबा, वाक्य पुरं करायची घाई करू नका. उत्तरं वेगवेगळी येतात आणि प्रत्येकाला वेगळा प्रतिसाद लागतो. ‘ते उपचारच नाकारतील’ असं उत्तर आलं, तर उपचार घ्यायचे की नाही हा प्रश्न मुळात त्यांचाच आहे हे हळूच सांगा. ‘त्या जेवण टाकतील’ असं म्हणाले, तर मागच्या एखाद्या दुःखात त्या कशा वागल्या होत्या ते विचारा. कुणी म्हणतं, ‘माझ्याच्यानं ते सांगवणार नाही.’ त्याला सांगा की सांगायचं काम माझं आहे, तुम्ही फक्त शेजारी बसा. एवढ्यानेही बरेच जण निवळतात.

३. ‘त्या जीव देतील’ हे उत्तर मात्र वेगळं. ते अतिशयोक्ती समजून झटकू नका. आधी असा प्रयत्न झाला होता का, नैराश्यावर उपचार चालू आहेत का, नुकतंच घरात कुणी गेलंय का, हे विचारा. ही माहिती तुमच्याकडे नसते, नातेवाईकांकडे असते. धोका खरा वाटला तर मानसोपचारतज्ज्ञांना आधी सामील करा, वेळ आणि जागा बदला, नंतरच्या देखरेखीची सोय करा. सांगण्याची रीत बदलेल, पेशंटला डावललं जाणार नाही.

४. पेशंटला आत्ता काय वाटतंय असं तुम्हाला वाटतं, हेही विचारा. बऱ्याचदा मुलगीच कबूल करते की बाबांना संशय आलाय. मग ते एकमेकांशी काय बोलतात तेही विचारा. एकाच घरात दोघंही एकमेकांपासून तेच लपवत असतात, हे बोलता बोलता तिच्याच लक्षात येतं.

५. तुमची मर्यादा दोन वाक्यांत स्पष्ट करा: ‘त्यांना नको असेल तर मी त्यांच्यावर एक शब्दही लादणार नाही. पण त्यांनी मला विचारलं तर मी खोटं बोलणार नाही.’

६. मार्ग सुचवा: ‘मी आधी त्यांना फक्त एवढंच विचारतो की त्यांना किती ऐकायचंय. तुम्ही समोर असा. ते “नको” म्हणाले तर तिथेच थांबू.’

या शेवटच्या प्रस्तावाला बहुतेक नातेवाईक तयार होतात, कारण त्यात कुणाची हार नसते. एखादी मुलगी विचारते, ‘आणि ते म्हणाले की सगळं सांगा, तर?’ तेव्हा शब्दांची कसरत न करता सांगा: ‘तर मी सांगेन. हळूहळू, ते थांबवतील तिथे थांबत. आणि तुम्ही त्यांच्या शेजारी असाल.’

तरीही विरोध कायम राहिला आणि तब्येतीला धोका नसेल तर एखादा दिवस द्या, पण पुढच्या भेटीची वेळ तिथेच ठरवा. वरिष्ठ डॉक्टर, वैद्यकीय समाजसेवक, उपशामक उपचारांची टीम, रुग्णालयाची नीतिसमिती, यांपैकी जे उपलब्ध असेल त्याची मदत घ्या. (उपशामक उपचार म्हणजे वेदना आणि त्रास कमी करणारे उपचार.) दरम्यान केमोथेरपी, मोठी शस्त्रक्रिया, रेडिएशन यांसारखे उपचार दुसरंच काही कारण सांगून सुरू करू नका. ‘ताकदीचं सलाईन आहे’ असं सांगून दिलेल्या केमोला संमती म्हणता येत नाही.

इशारा: ‘बरं, बघू’ हे शब्द इथे कटाक्षाने टाळा. तुमच्या दृष्टीने ती पुढे ढकललेली गोष्ट असते, नातेवाईकांच्या लेखी ते वचन असतं.

टप्पा ४ : निर्णयक्षमता तपासा, वय बघून ठरवू नका

‘त्यांना आता काही समजत नाही’ हे वाक्य नातेवाईकांकडून आलं म्हणून खरं मानू नका आणि खोटंही मानू नका. तपासा. चार गोष्टी बघायच्या: सांगितलेली माहिती समजते का, ती स्वतःला लागू आहे हे उमगतं का, पर्यायांची तुलना करून कारण देता येतं का, आणि निवड सांगता येते का व ती थोड्या वेळाने विचारली तरी टिकते का.

क्षमता एका विशिष्ट निर्णयापुरती आणि त्या वेळेपुरती असते. सौम्य स्मृतिभ्रंश असलेल्या आजींना पैशांचे व्यवहार जमत नसतील, पण ‘मला पोटावर आणखी ऑपरेशन नको’ हे त्या कारणासह सांगू शकतात. पेशंटने उपचार नाकारले एवढ्यावरून त्याची क्षमता नाही असं ठरत नाही. सल्ला मानणाऱ्याची क्षमता कुणी तपासत नाही आणि नाकारणाऱ्याची लगेच तपासतात, ही सवय वाईट आहे.

तपासण्याआधी दुरुस्त होण्यासारखी कारणं शोधा: गुंगीची औषधं, रक्तातलं सोडियम, ऑक्सिजन, साखर, संसर्ग, तुंबलेली लघवी. कानाचं यंत्र घरी राहिलंय का, चष्मा कुठे आहे, हेही बघा. संध्याकाळी गोंधळणारा पेशंट सकाळी स्वच्छ बोलत असेल तर सकाळीच बोला.

क्षमता नसेलच तर कायद्याने ज्याला अधिकार आहे त्याच्याशी बोलायचं. त्याला ‘तुम्हाला काय वाटतं?’ असं विचारू नका. ‘त्या आत्ता बोलू शकल्या असत्या तर काय म्हणाल्या असत्या?’ असं विचारा. या दोन प्रश्नांची उत्तरं एकाच माणसाकडून वेगवेगळी येतात. आणि पेशंटला सांगणं सोडून देऊ नका. त्याला झेपेल तेवढं, त्याच्या शब्दांत सांगा.

सांगितल्यानेच पेशंटला गंभीर इजा होईल अशी खात्री असेल तर माहिती रोखून धरण्याचा अपवाद काही ठिकाणी मान्य आहे. तो फार अरुंद आहे. ‘वाईट वाटेल’, ‘रडतील’, ‘उपचार नाकारतील’ ही कारणं त्यात बसत नाहीत. तो वापरायचाच तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या, कारण लिहून ठेवा आणि फेरविचाराची तारीख टाका.

टप्पा ५ : प्रत्यक्ष बोलणं

वाईट बातमी सांगण्यासाठी २००० साली प्रसिद्ध झालेली ‘स्पाइक्स’ नावाची सहा पायऱ्यांची पद्धत बऱ्याच ठिकाणी शिकवली जाते: बैठक लावणं, पेशंटला काय माहीत आहे ते विचारणं, त्याची परवानगी घेणं, माहिती देणं, भावनांना जागा देणं, पुढची दिशा ठरवणं. पायऱ्या पाठ असूनही चुका होतात, कारण दुसरी आणि तिसरी पायरी गाळून सगळे चौथीवर उडी मारतात.

तयारी: बंद होणारं दार, सगळ्यांना खुर्च्या, सायलेंट केलेला फोन, हाताशी पाणी आणि रुमाल. तुमची खुर्ची पेशंटच्या नजरेच्या पातळीवर असावी आणि मध्ये टेबल नसावं. किमान अर्धा तास मोकळा ठेवा. राउंडच्या घोळक्यात किंवा डिस्चार्जच्या घाईत हे काम होत नाही.

सुरुवात विचारण्याने करा. ‘आतापर्यंत तुम्हाला या आजाराबद्दल काय काय सांगितलंय?’ उत्तरात पेशंट कोणते शब्द वापरतो ते लक्षपूर्वक ऐका. तो ‘गाठ’ म्हणतो की ‘कॅन्सरबिन्सर तर नाही ना’ म्हणतो, त्यावरून तो किती पुढे येऊन उभा आहे ते कळतं. नंतर परवानगी: ‘मागे तुम्ही म्हणाला होतात की सगळं सांगा. आजही तसंच वाटतंय का?’

होकार आला की आधी एका वाक्यात चाहूल द्या: ‘रिपोर्ट आपल्याला हवा होता तसा आलेला नाही.’ दोन-तीन सेकंद थांबा. मग साध्या शब्दांत सांगा: ‘आतड्यात जी गाठ होती, ती कॅन्सरची आहे.’

आणि इथे गप्प बसा. या शांततेत टिकून राहणं फार जड जातं, म्हणून डॉक्टर घाईघाईने उपचारांची यादी सुरू करतात. पेशंटला त्यातलं काहीही ऐकू जात नसतं. तो रडला तर रडू द्या. तो खिडकीकडे बघत राहिला तरी थांबा. पहिलं वाक्य त्याचं असू द्या. ते बऱ्याचदा अनपेक्षित असतं: ‘माझ्या बायकोला कोण सांगणार?’ किंवा ‘पुढच्या महिन्यात मुलीची परीक्षा आहे.’ त्या वाक्यात त्याची खरी काळजी असते. पुढचं बोलणं तिथून सुरू करा.

शब्दांबाबत: ‘डाग’, ‘वाढ’, ‘इन्फेक्शनसारखं काहीतरी’ असले शब्द वापरू नका. ‘पॉझिटिव्ह’ हा शब्द तर टाळाच. ‘रिपोर्ट पॉझिटिव्ह आला’ याचा अर्थ बरेच जण चांगला आला असाच घेतात. ‘आता काहीच करता येणार नाही’ असं कधीही म्हणू नका, कारण ते खरं नसतं. आजार हटवता येत नसला तरी वेदना, धाप, उलट्या, झोप यांवर करण्यासारखं बरंच असतं आणि ते नेमकं काय हे सांगता यायला हवं.

‘माझ्याकडे किती वेळ आहे?’ हा वेगळा प्रश्न आहे. पेशंटने तो विचारल्याशिवाय उत्तर देऊ नका. विचारला तर आधी जाणून घ्या की त्याला कशासाठी हवंय: कुणाला भेटायचंय, काही व्यवहार पुरे करायचेत, की फक्त भीती आहे. मग आकडा न देता टप्पा सांगा: ‘वर्षांच्या भाषेत बोलणं कठीण आहे, पण काही महिने असावेत असं वाटतं.’ अभ्यासातला मध्यक काळ तुम्हाला माहीत असला तरी तो मुदतीसारखा सांगू नका. मध्यक आठ महिने असेल, तर निम्मे पेशंट त्याहून जास्त जगले, काही त्याहून बरेच जास्त.

पडताळा: ‘समजलं ना?’ विचारू नका, त्यावर सगळे हो म्हणतात. त्याऐवजी: ‘मी नीट सांगितलं की नाही ते मला बघायचंय. घरी गेल्यावर बायकोला काय सांगाल?’ डॉक्टरांनी सांगितलेल्या माहितीतला ४० ते ८० टक्के भाग लगेच विसरला जातो, असं संशोधनात नोंदलेलं आहे. एका बैठकीत तीनपेक्षा जास्त मुद्दे देऊ नका, ते कागदावर लिहून द्या आणि पुढची भेट लवकर ठेवा.

टप्पा ६ : पेशंटच म्हणाला, ‘मला ऐकायचं नाही’

मग थांबा. न ऐकण्याचाही हक्क आहे. पेशंटच्या हक्कांबद्दलच्या जागतिक वैद्यकीय संघटनेच्या लिस्बन जाहीरनाम्यात (१९८१, सुधारित १९९५) तो मान्य केलेला आहे. आपल्या वतीने कुणाला सांगायचं हे निवडण्याचा हक्कही त्यात आहे. पण हा हक्क पेशंटने स्वतः बजावायचा असतो. ‘ते नकोच म्हणतील’ असं मुलाने सांगणं म्हणजे पेशंटचा नकार नव्हे.

दोन बाबतीत मात्र किमान माहिती द्यावीच लागते. आजार दुसऱ्याला लागण्यासारखा असेल तर काळजी काय घ्यायची ते पेशंटला कळायलाच हवं. आणि मोठे उपचार करायचे असतील तर शरीरावर काय केलं जाणार आणि त्याचे त्रास काय, एवढं तरी सांगावं लागतं. निदानाचं नाव न घेताही बरंच सांगता येतं: ‘आजार गंभीर आहे, औषधं कडक आहेत, केस जातील, मळमळ होईल. हे करायचं का, आणि तपशील कुणाशी बोलू?’

नकार कायमचा समजू नका. दोन-तीन भेटींनंतर सहज विचारा: ‘तेव्हा तुम्ही म्हणाला होतात की नको. अजूनही तसंच ठेवू?’

टप्पा ७ : अवेळी आलेला थेट प्रश्न

रात्री दोन वाजता सलाईन बदलणाऱ्या सिस्टरला पेशंट विचारतो, ‘खरं सांगा, मला कॅन्सर आहे ना?’ संवादाचे बहुतेक आराखडे डॉक्टरांसाठी आखलेले असतात आणि प्रश्न मात्र सिस्टरला, वॉर्डबॉयला किंवा पहिल्या वर्षाच्या रेसिडेंटला विचारला जातो. दिवसा सगळे घाईत असतात, रात्री कुणीतरी थांबतं, म्हणून.

‘छे छे, असं काही नाही’ म्हणू नका. ‘उद्या मोठ्या डॉक्टरांना विचारा’ म्हणून निघूनही जाऊ नका. पेशंटला त्यातून उत्तर मिळतंच, फक्त ते सोबतीशिवाय मिळतं. दोन मिनिटं टेकून विचारा: ‘आज हा विचार का आला मनात?’ ऐका. मग: ‘तुमचा प्रश्न महत्त्वाचा आहे. त्याचं पूर्ण उत्तर देण्याइतकी माहिती माझ्याकडे नाही, पण सकाळी डॉक्टर तुमच्याशी बसून बोलतील. मी स्वतः त्यांना सांगते.’ हे खरं असायला हवं. म्हणजे सकाळी पाळी बदलताना होणाऱ्या हस्तांतरात तो प्रश्न पेशंटच्याच शब्दांत पोचवायचा आणि डॉक्टरांनी त्याच दिवशी जायचं.

टप्पा ८ : नोंद आणि हस्तांतर

‘नातेवाईकांना कल्पना दिली’ ही केसपेपरवरची सगळ्यात निरुपयोगी ओळ आहे. कुणाला, कशाची, पेशंटला विचारून की न विचारता, यातलं काहीच तिच्यातून कळत नाही. अशी नोंद करा:

‘पेशंटशी सकाळी ११ वाजता बोललो, मुलगी सोबत (पेशंटच्या इच्छेने). निदान “कॅन्सर” या शब्दात सांगितलं. किती काळ आहे हे पेशंटने विचारलं नाही, सांगितलं नाही. धाकट्या भावाला माहिती देऊ नये असं पेशंटचं म्हणणं. पुन्हा भेट उद्या.’

पाळी बदलताना हे तोंडीही सांगा. एका पाळीत खरं आणि दुसऱ्या पाळीत थातुरमातुर उत्तर मिळालं, तर पेशंट दोघांवरचाही विश्वास सोडतो.

घोळ आधीच झालेला असेल तर

बऱ्याचदा पेशंट तुमच्याकडे येतो तोवर ‘साधी गाठ’ ही गोष्ट घरात पक्की झालेली असते. ती एका फटक्यात मोडू नका आणि आधीच्या डॉक्टरांना दोषही देऊ नका.

पहिल्या भेटीत फक्त ऐका आणि टप्पा १ चे प्रश्न विचारा. ते कधीही विचारता येतात. नातेवाईकांशी टप्पा ३ मधलं बोलणं वेगळं करा आणि आणखी एक गोष्ट सांगा: पेशंटला आज ना उद्या कळेलच. विभागाच्या नावाच्या पाटीवरून, शेजारच्या खाटेवरच्या माणसाकडून, गळणाऱ्या केसांवरून. तेव्हा ते एकटे असतील की तुम्ही शेजारी असाल, एवढंच आपल्या हातात आहे.

खरं बाहेर आल्यावर पेशंट मुलावर चिडू शकतो: ‘सगळ्यांना माहीत होतं, मलाच नव्हतं.’ मुलाची बाजू मांडायची घाई करू नका. राग रास्त आहे, तो आधी मान्य करा. मग मुलालाच विचारा, ‘तुम्हाला तेव्हा कशाची भीती वाटली होती ते बाबांना सांगाल?’ आणि खोलीतून लगेच बाहेर पडू नका. अशा वेळी घरच्यांचं पहिलं मोकळं बोलणं होत असतं. त्यात वैद्यकीय प्रश्न निघतात आणि त्यांची उत्तरं द्यायला कुणीतरी तिथे असावं लागतं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा जा. आदल्या दिवशीचं काय आठवतंय, रात्री झोप लागली का, नवीन काय विचारायचंय, ते विचारा. वेदनेच्या गोळीची वेळ आणि पुढच्या तपासणीची तारीख पेशंटला स्वतःला माहीत आहे याची खात्री करून घ्या. आतापर्यंत हे सगळं मुलालाच सांगितलं जात होतं.